येऊन राहिली

सिस्टर, तुमच्या तेरवीला मी आले होते. पंगतीत बसले, दोनदा भात घेतला, आणि दुपारनंतर तुमच्याबरोबर काम केलेल्या नर्सबायांनी गोंदियाजवळच्या गोरेगावला शोकसभा ठेवली होती, तिथं बोललेही. चांगलं बोलले. मला आता बोलता येतं. बिसेन सिस्टरांनी मला कसं घडवलं, शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावरून कसं हिंडवलं, एका शब्दाच्या चुकीतून जन्माचा धडा कसा दिला, हे सांगताना माझा आवाज नेमक्या जागी भरून आला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला. नंतर एका तरुण नर्सने माझा नंबर घेतला आणि म्हणाली, मॅडम, ऐकून अंगावर काटा आला.

त्यातली एक गोष्ट खोटी होती. ती खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि आणखी एका म्हातारीला. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यासमोर खरं सांगायची चार वेळा संधी आली तेव्हा मी गप्प बसले, आणि आता तुम्ही उलट बोलू शकत नाही तेव्हा तोंड उघडते आहे. यात काही मोठेपणा नाही, हे मला कळतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सार्वजनिक आरोग्य शिकत होते. शेवटच्या वर्षी तीन महिने खेड्यातल्या उपकेंद्रावर काढायचे, तिथल्या कामावर अहवाल लिहायचा, तिथल्या नर्सबाईचा शेरा आणायचा आणि मगच पदवी, असा आमचा नियम. मी साताऱ्याची, पण तुमच्या लेखी सातारा काय, पुणे काय, मुंबई काय, सगळं 'तिकडचं'. पहिल्या दिवशी तुम्ही मला 'पुनेवाली' म्हणालात ते शेवटच्या दिवसापर्यंत. माझं नाव तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ते फक्त कागदावर लिहायला वापरायचात.

आल्याच्या चौथ्या दिवशी मी बस चुकवली. गोंदियाच्या स्टँडवर धावत पोचले, पानठेलेवाल्याला विचारलं, गोरेगावची बस? तो म्हणाला, "जाऊन रायली जी." मी म्हटलं, गेली वाटतं. बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. समोर एक लाल डबा धुरळा काढत होता, त्याकडे बघत राहिले. तो हलला, माझ्या डोळ्यांसमोरून फाटकाबाहेर गेला, आणि मागची पाटी वाचली तेव्हा कळलं की तीच गोरेगावची. दोन तासांनी उपकेंद्रावर पोचले आणि तुम्हाला घडलेलं सांगितलं. तुम्ही लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या रचत होतात. हसला नाहीत. म्हणालात, "आमच्याइकडं जाऊन रायली म्हंजे अजून आहे. पाय उचलाचा. गेली म्हंजे गेली. तवा बसाचं."

ते मी वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे राहिलं म्हणजे थांबलं. पाऊस राहिला म्हणजे उघडला, दुखायचं राहिलं म्हणजे आराम पडला. तुमच्याकडे राहिलं म्हणजे चालू आहे. एकच शब्द, आणि नेमका उलटा. आठवड्याभरात मी त्यावर विनोद करायला लागले, पंधरा दिवसांत तसंच बोलायला लागले. दोन महिन्यांनी घरी फोनवर आईला म्हणाले, मी जेवून राहिली, तर ती म्हणाली, बरं झालं जेवलीस. इकडे माझ्या ताटात अजून अर्धी भाकर होती.

तुम्ही मला शिकवलंत असं सगळीकडे सांगते, पण कसं, ते सांगत नाही. तुम्ही वाईट शिकवायचात, सिस्टर. रोज संध्याकाळी दिवसभराचं रजिस्टर मला मोठ्यानं वाचायला लावायचात, आणि तेही बाहेरच्या ओट्यावर, जिथं चार बाया पोरांना घेऊन बसलेल्या असायच्या. रकाना रिकामा दिसला की म्हणायचात, "हे काऊन खाली?" मी म्हणायचे, विचारायचं राहिलं. "मंग जा. विचारून ये." दीड कोस. एकदा फक्त वजनाचा आकडा पुसट होता म्हणून मला परत पाठवलंत. मी रडत गेले आणि रडत आले, आणि तुम्ही तोवर पेन हातात घेऊन बसून होतात. तुमचं ते लाल शाईचं पेन. प्रत्येक ओळीच्या शेवटी तुमची छोटी सही. सही झाली की ती ओळ तुमची.

आणि कपडे. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बाळंतिणीच्या घरी गेलं की तुम्ही आधी अंगणात थांबत नव्हता, सरळ घराच्या मागं जायचात. तिथं दोरीवर, काटेरी कुंपणावर बाळंतिणीचे रक्ताचे, धुतलेले कपडे वाळत असतात, लपवून, पुरुषांच्या नजरेआड. ते तुम्ही मोजायचात. मग पुढं येऊन सासूला विचारायचात, कसं आहे, आणि सासू काहीही म्हणो, तुम्हाला खरं आधीच ठाऊक असायचं. "सासू खोटं बोलत नाई," तुम्ही म्हणायचात, "सासूले खराब सांगाची लाज वाटते. बाईले तं आणखीच वाटते. कपड्याले नाई वाटत. आधी कपडे पाहाचे, मंग बाई पाहाची, मंग सासूले इचाराचं." मी हे अहवालात 'स्थानिक निरीक्षणपद्धती' म्हणून लिहिलं. तुम्हाला वाचून दाखवलं तर म्हणालात, "इतकं लंबं नाव. मोज म्हन ना."

तुमच्यामुळे मी जमिनीवर बसायला शिकले. परक्या घरातलं पाणी नाक न मुरडता प्यायला, लाखोरीच्या पाल्याची भाजी मागून खायला, बाईच्या हाताला हात लावून मगच बोलायला शिकले. तुम्ही घरी मुलाशी पोवारीत बोलायचात आणि तुमचे पूर्वज माळव्यातून आले असं माझ्यापुढं मिरवायचात. मी म्हटलं, मग तुम्हीही तिकडच्याच की. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा हसलात. घरी नेऊन जेवायला वाढलंत आणि वर म्हणालात, "तीन मयन्यात मानूस होऊन रायली पुनेवाली." होऊन राहिली. म्हणजे अजून झाले नव्हते. पण मला तेव्हा वाटलं, झाले.

मग शेवटचा आठवडा आला.

कुंदाचं दुसरं बाळंतपण तुम्हीच उपकेंद्रावर केलं होतं. मुलगी. मी पहिल्यांदा जिची नाळ बांधली ती मुलगी. दुसऱ्या दिवशी कुंदाला घरी पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन तिला बघायचं होतं. तुम्हाला त्या दिवशी तालुक्याला शस्त्रक्रिया शिबिरात हजर राहायचा हुकूम आला. तुम्ही सायकलवर बसता बसता मला म्हणालात, "कुंदाकडं जाजो. आत जाजो." एवढंच.

मी गेले. माझ्या पिशवीत अहवालाची हस्तलिखित पानं होती. ती त्याच दिवशी गोंदियाला टाइप करून, स्पायरल घालून घ्यायची होती, कारण दोन दिवसांनी माझी गाडी होती. बस फाट्यावर यायला वीस मिनिटं होती. कुंदाची सासू अंगणात सुपात डाळ पाखडत बसली होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "कशी आहे कुंदा? रक्त जातंय का अजून?"

ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "रगत जाऊन रायलं जी. आत ये ना, पाय."

दार उघडं होतं, सिस्टर. मी सगळीकडे जी गोष्ट सांगते तिच्यात दाराचा उल्लेखच नाही. पण दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावरून मला कुंदा दिसत होती, बाजेवर, भिंतीकडे तोंड करून. आतून शेगडीचा, ओव्याचा वास येत होता आणि त्याच्या खालून आणखी एक वास, जो तुम्ही मला ओळखायला शिकवला होतात. मी मनात म्हटलं, राहिलं म्हणते आहे ना. साताऱ्यात राहिलं म्हणजे थांबलं. बस चुकल्यापासून ज्या शब्दाला मी एकदाही अडखळले नव्हते, तो मी त्या क्षणी माझ्या आईच्या कानांनी ऐकला. मला ऐकायचा होता तसा. मी घराच्या मागं गेले नाही. अंगणात उभी राहून रजिस्टरात लिहिलं: रक्तस्राव थांबला. आणि फाट्यावर गेले. पाय उचलून. बस मिळाली.

संध्याकाळी मी गोंदियाहून परत आले. निळ्या कव्हरचा अहवाल झाला होता. त्याचं नाव 'प्रसूतीनंतरची गृहभेट: एक अभ्यास'. हे मी विनोद म्हणून सांगत नाही, खरंच तेच नाव होतं. तुम्ही शिबिरातून दमून आला होतात, ओट्यावर बसून चप्पल काढत होतात. मी रजिस्टर वाचून दाखवलं. तुम्ही विचारलंत, "पाहून आली का?"

मी म्हटलं, "हो."

"कपडे?"

"दोनच."

तुम्ही लाल सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाचा नवरा सायकल टाकून पळत आला. तुम्ही जीप मिळवलीत, तिला मांडीवर घेऊन गोंदियाच्या रस्त्याला लागलात. मला म्हणालात, तू इतंच थांब. दुपारी परत आलात तेव्हा तुमचं पांढरं लुगडं कमरेपासून खाली वेगळ्याच रंगाचं होतं. कुंदा गोंदियाच्या अलीकडेच गेली होती. तुम्ही हापशाजवळ उभ्या राहिलात, आत जाऊन लुगडं बदललंत, ते आणून माझ्यापुढं टाकलंत आणि म्हणालात, "मागं सात होते. मी मोजले."

मग म्हणालात, "धू."

मी धुतलं. बाया ओट्यावर बसलेल्या होत्या आणि बघत होत्या. मी बादलीत गरम पाणी ओतायला गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, "थंड्या पान्यानं. गरमानं डाग बसते." तोच तुमचा रोजचा आवाज. मला वाटत होतं तुम्ही मारावं, निदान ओरडावं. तुम्ही तिथं उभं राहून मला डाग काढायचा कसा तेवढं शिकवलंत. आजही माझ्या घरात कुणाला लागलं, खरचटलं, तर कपडा मी थंड पाण्यात टाकते.

चौकशीसाठी माझं जाणं लांबवलं, आठवड्याने साहेब आले. बाहेरच्या बाकावर मला बसवलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी विचारलं, भेट कुणी दिली? तुम्ही म्हणालात, "नोंद माझी आहे. सही माझी आहे." ते हिंदीत काहीतरी समजावत होते की बाई, ट्रेनी का नाम लिख दो, बात खतम. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, आप स्टुडन्ट ना? ठीक है, आप जाओ. मी गेले. उठून, पंजाबी ड्रेसची धूळ झटकून गेले. तुमची बदली जंगलाकडच्या उपकेंद्रावर झाली, आणि त्या वर्षी आरोग्य सहायिकेच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव येणार होतं ते आलं नाही, पुढंही कधी आलं नाही. ज्या पदावर लागलात त्याच पदावरून निवृत्त झालात.

आणि निघायच्या दिवशी मी तुमच्याकडे शेरा मागितला. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, गोष्टीतही नाही, नवऱ्यालाही नाही. तुमचं सामान बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं, बदलीच्या गावाला न्यायला ट्रॅक्टर यायचा होता, आणि मी फॉर्म पुढं केला. तुम्ही ट्रंकेवर बसून लिहिलंत: काम समाधानकारक. त्याच लाल पेनानं. मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही मला वाचवलंत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि तो चेहरा मला चांगला आठवतो.

"तुले कोनं वाचवलं वो? मी तुह्या भरोशावर बाई सोडली, ते माझी चूक आहे. माझ्या चुकीवर माझीच सही राहीन. आन शेरा खराब देला तं तू आनखी दोन मयने माझ्याच हाताखाली राहशीन. मले तुले पाहाचं नाई."

तुम्ही निर्दयी होतात. मला अनेक वर्षं वाटत राहिलं की त्या बोलण्याखाली माया लपलेली असणार, जशी लोक म्हणतात असते. फणसाचे काटे वगैरे. नव्हती, सिस्टर. मी नीट शोधून बघितलं. तुम्ही जे म्हणालात तेच तुमच्या मनात होतं, आणि त्याबद्दल मला आता तुमचे उपकार वाटतात. तुम्ही प्रेम केलं असतंत तर मी त्याच्यामागेही लपले असते.

पुढं मी मोठी झाले. नर्सबायांना, आशांना शिकवणारी मॅडम झाले. कुंदाची गोष्ट पहिल्यांदा पुण्यात एका सभागृहात सांगितली. नाव न घेता. एक नवखी विद्यार्थिनी, परक्या बोलीचा मुलूख, पहिलाच आठवडा, एक शब्द उलटा ऐकला जातो आणि एक आई जाते. म्हणून, मैत्रिणींनो, लोकांची बोली शिका. सगळे सुन्न झाले. नंतर ती गोष्ट माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात आली. लोक मला त्या गोष्टीने ओळखतात. तिच्यात मी एवढाच बदल केला होता: कुंदाला शेवटच्या आठवड्यातून उचलून पहिल्या आठवड्यात आणून ठेवलं. बस चुकली त्याच्याही आधी. असं केलं की मी अडाणी ठरते, आणि अडाणीपणाला माफी आहे.

मग ते प्रशिक्षण गोंदियालाच ठेवलं गेलं. तुम्ही निवृत्त झाला होतात, कुणी बोलावलं नव्हतं, तरी आलात. शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसलात. मी तुम्हाला गोष्टीच्या मधोमध बघितलं. थांबले नाही. बोली समजावी म्हणून आधी बसचा किस्सा सांगितला, बाया हसल्या, मग कुंदाचं सांगितलं, बाया गप्प झाल्या. चहाच्या वेळी मी तुमच्या पाया पडायला वाकले. तुम्ही पाय मागं घेतलेत.

"कुंदा शेवटच्या आठोड्यात गेली," तुम्ही म्हणालात. "तवा तू माझ्यासारखीच बोलून रायली होती."

मी म्हटलं, सिस्टर, गोष्ट अशी सांगितली की लोकांना पटते, त्यातून या पोरी शिकतात.

"काय शिकते? का पुनेवालीले आमची भाषा समजत नाई, हे? हे तं त्याईले मालूम आहे. दार उघडं होतं, ते सांग. तू आत गेली नाई, ते सांग. ते शिकवन त्याईले. भाषा तं सारेच शिकते."

मी म्हटलं, मी तिचं नाव तरी घेत नाही. तुम्ही म्हणालात, "नाव आधी घेतलं असतं तं त्या बसवर हासल्या नसत्या." मग चहाचा कप खाली ठेवलात. "पुढच्या वेळी बरोबर सांगजो. मी येईन ऐकाले."

आणि येत राहिलात. त्या जिल्ह्यात मी आणखी चार वेळा शिकवायला आले, चारही वेळा तुम्ही त्याच रांगेत, तीच पिशवी मांडीवर. मी दर वेळी रात्रभर स्वतःशी ठरवून यायचे की आज सांगायचं, आणि तोंड उघडलं की 'पहिलाच आठवडा' हेच शब्द बाहेर यायचे. गोष्ट संपली की तुम्ही उठून जायचात. चौथ्या वेळेनंतर मी गोंदियाचं काम दुसऱ्या बाईंकडे दिलं. कारण दिलं की प्रवास झेपत नाही. वाद आपला तिथंच राहिला. माझ्या मराठीतलं राहिला म्हणते आहे, म्हणजे अर्धवट सुटला.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलाचा फोन आला. तो तिरोड्याच्या पॉवर प्लांटात असतो, त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, त्याने माझा कुठून तरी मिळवला होता. तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, तुम्ही दवाखान्यातून हट्टाने घरी आला आहात, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, आई जाऊन रायली."

या वेळी ऐकण्यात काहीच चूक झाली नाही. जाऊन राहिली म्हणजे अजून आहे. पाय उचलायचा. त्याने फोन तुमच्या कानाला लावला. मला तुमचा श्वास ऐकू आला, आणि मग तुमचा आवाज, बारीक, पण तोच, ओट्यावरचा.

"पुनेवाली, येऊन रायली का?"

मी म्हटलं, "हो, सिस्टर. येऊन राहिली."

एक रात्रीची गाडी. मला तिकीट मिळत होतं, मी बघितलं होतं. कार्यशाळा होती म्हणून आले नाही असं मी तुमच्या मुलाला सांगितलं, आणि कार्यशाळा होतीही. पण खरं हे की तुमच्या बाजेभोवती तुमचे लोक बसलेले असणार आणि तुम्ही त्यांच्यादेखत मला म्हणणार, सांग आता, याची मला भीती वाटली. मरणारं माणूस मागतं तेव्हा नाही म्हणता येत नाही. पुन्हा एकदा दार उघडं होतं आणि आत बाजेवर एक बाई होती. तुम्ही आणखी तीन दिवस होतात.

तेरवीला कुंदाची सासू आली होती, नातीला धरून. मी जिची नाळ बांधली ती मुलगी आता आजीहून उंच झाली आहे. तुम्ही बदलीच्या गावाहूनसुद्धा दर संक्रांतीला तिचं वजन करायला यायचात, हे म्हातारीनेच सांगितलं. मग तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सहज, कसलाही राग न धरता विचारलं, "तू तेच ना वो, दारातूनच परत गेलेली?" मी हसले आणि पाणी प्यायला उठले. तिथून शोकसभेला गेले आणि काय बोलले ते वर लिहिलंच आहे. शेवटच्या रांगेत कुणी नव्हतं, तरीही मी पहिलाच आठवडा म्हणाले.

निघताना तुमचा मुलगा फाट्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, शेवटचे तीन दिवस आईने एक खुर्ची बाजेजवळ लावून ठेवली होती, कुणालाही तिच्यावर बसू दिलं नाही. मामी बसायला गेली तर तिला उठवलं. जो येईल त्याला सांगत होती, पुनेवाली येऊन रायली, तिले काई सांगाचं आहे. शुद्ध गेली तोवर तेच चाललं होतं.

तुमच्या बोलीत मी ते तीन दिवस येऊन राहिली होते, सिस्टर. माझ्या मराठीत माझं यायचं राहिलं.